झाडू, फलक आणि चार मुलं

प्रिय शैले,

दिवाळीपासून एक ओळ नाही माझी, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

आमच्या बी.एड. कॉलेजात द्वितीय वर्षाचं 'सेवाकार्य' एका दिवसात उरकायचं ठरलंय. शेजारच्या शाळेचं पटांगण झाडायचं, फलक धरून प्रभातफेरी, फोटो, अहवाल, गुण. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'मग बिघडलं काय?' म्हणतील. तू नाही म्हणणार. तरी एनएसएसच्या शिबिरात चर खणताना तूच म्हणत होतीस की घाम गाळला म्हणजे झालं, वर्षाचे १२० तास भरले म्हणजे भरले. मी विचारत होते, शिकलो काय ते सांग. बुटकी मध्ये पडली म्हणून बचावलीस.

वेळ नाही ही सबब तर शुद्ध खोटी. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेतली उमेदवारी, २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवडे आपले छात्राध्यापक शाळेतच बसलेले असतात. त्यातले आठवड्याला तीन तास प्रत्येकाने वाचनात अडलेल्या चार मुलांना द्यायचे. चारच. सहा-सात झाली की आपली छात्राध्यापिका खडू घेऊन फळ्याकडे वळते आणि पुन्हा पाठ सुरू.

मुलं वर्गशिक्षकांना विचारून निवडायची, पण चाचणी घेतल्याशिवाय नाही. नाहीतर चुणचुणीत चार गळ्यात पडतात आणि अहवालात प्रगतीच प्रगती. 'असर' या वाचन-गणिताच्या पाहणीच्याच पायऱ्या पुरतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेकाला व्हरांड्यात घ्यायचं. वर्गासमोर वाचायला लावलं की मूल गप्प होतं आणि आपण 'अक्षरओळख नाही' लिहून मोकळे. नुसती पातळीही लिहायची नाही, चूक जशीच्या तशी टिपायची. तिसरीतलं पोर बाराखडी धडाधड म्हणतं. मधल्याच 'कू'वर बोट ठेव, ते 'क का कि की' करत पहिल्यापासून निघतं, तेव्हा कुठे पोचतं. 'कोकीळ'चं 'क-क-ळ' करतं, आणि शेजारी चित्र असलं तर सरळ 'कावळा'. याला अक्षरं येतात, काना-मात्रा येत नाहीत. त्याच्याकडून पुन्हा बाराखडी घोकून घेणं म्हणजे जे येतं तेच शिकवणं. एकच काना घ्यायचा: काका, मामा, नाक, कान. दोन-तीन दिवस तेवढंच, उलटसुलट, मग पहिली वेलांटी. दर पंधरा दिवसांनी तीच चाचणी, मजकूर वेगळा, कारण पहिला पाठ झालेला असतो.

शैले, हे आपल्या अध्यापन पद्धतीच्या तासाला कितीही सांगितलं तरी पोचत नाही. सराव पाठात हात वर करणारी सहा-सात पोरं दिसतात, पाठ 'रंगला' असा शेरा मिळतो. मागच्या बाकावरचं 'क-क-ळ' पाठ टाचणात कुठल्या रकान्यात लिहिणार?

त्याच दिवशी अर्धं पान टिपण: मला काय वाटलं होतं, मुलानं काय केलं, उद्या काय बदलणार. 'मुलांनी आनंदाने सहभाग घेतला' लिहिलं तर वही परत. आणि आठवड्यातून एक तास आपण त्यांच्याबरोबर त्या टिपणांवर बसायचं. कार्यभारात बसत नाही म्हणून पहिली कात्री यालाच लागते. तो तास गेला की उरते फुकटची शिकवणी.

बाकी घोळ ठरलेले. शाळेत शिक्षक कमी, तेव्हा 'मॅडम, तेवढी चौथी सांभाळा.' सुरू होण्याआधीच मुख्याध्यापकांना लेखी कळवायचं, तासिकेसकट. तासिका मधल्या सुट्टीच्या आधीची मागायची, खिचडी खाऊन पोरं पेंगतात. ऊसतोडीच्या गावात हे काम दिवाळीनंतर लावलं तर मूलच सापडत नाही, आईबापांबरोबर कारखान्याकडे गेलेलं असतं. तिथे जून-जुलैतच सुरुवात हवी. मूल का येत नाही, हे शोधणंही यातच आलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून डहाणूकडच्या बोर्डीला हेच केलं ना! मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. त्यांची नावं पाठ करून आमची मुलं गुण मिळवतात आणि गैरहजर पोराच्या नावापुढे नुसती फुली मारतात.

तू म्हणशील, चार मुलांनी शाळेचं काय भलं होणार? थोडंच होणार. जास्त फायदा आपल्या छात्राध्यापकांचाच. शाळा आपल्याला मुलं उसनी देते, म्हणून शेवटच्या आठवड्यात गुच्छ आणि भाषणं नकोत. प्रत्येक मुलाचं एक पान वर्गशिक्षकांच्या हातात द्यायचं: कुठे होतं, कुठे आलं, आता कोणती मात्रा राहिली.

पोरीच्या बारावीचं काय? आणि गच्चीची गळती थांबली का? काकूंना नमस्कार. मुख्याध्यापकांना पाठवायच्या पत्राचा तुझ्याकडचा मसुदा पाठव, माझा फारच भांडखोर झालाय.

तुझी,
विजू