गडपायथ्याच्या मामांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मामांस,
सादर नमस्कार.

जुन्नरकडच्या आपल्या गडावरील पाण्याच्या जोडटाक्यांपैकी पहिल्यातला गाळ उपसून अखेर तळ लागला. त्या दिवशी आपल्यासमोर शब्द फुटेनात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नातवाकडून वाचून घ्यावे.

पहिल्या श्रमदानाला माणसांची वाण कधीच नसते. फलक, नारळ, छायाचित्रे सारे यथासांग होते. आमच्या वेळीही ‘लागेल ती मदत करू’ असे माईकवरून सांगून गेलेले मान्यवर पुढे फोन उचलेनासे झाले, आणि जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यावर जयघोष करणाऱ्यांपैकीही कोणी यादीबाहेरच्या या गडाची वाट धरली नाही. ओल्या गाळाचे घमेले हातोहात वर द्यावे लागते. साखळीतली चार माणसे गळाली की उरलेल्यांच्या कंबरेवर भार येतो, त्यात पावसाळ्यात उतारावरची माती पुन्हा टाक्यात येते. मग ‘आपण गेलो काय, न गेलो काय’ हा विचार गटभर पसरायला वेळ लागत नाही.

अशा काळात आपण दर खेपेला काम थांबल्यावर एक कळक गाळावर टेकवून काठाच्या पातळीला कोयत्याने खाच पाडत होता. भिंतीवर रेघ ओढणे सोपे होते, पण जुन्या कातळाला ओरखडाही उठू नये, याची काळजी आमच्याआधी आपल्याला होती. ‘आता हे शेवटचे’ म्हणून आलेल्या आमच्या एका मित्राने ती खाच बोटाने चाचपली आणि पुढच्या रविवारी तो आणखी दोघांना घेऊन आला. पावसानंतर टाके पुन्हा भरलेले पाहून आम्ही हिरमुसलो, तेव्हा आपण तोच कळक उभा करून पहिली खाच अजून काठाच्या किती खाली राहते, तेवढे दाखवलेत. उपदेश एका शब्दाचा केला नाहीत.

टाकी खोदून निघालेला दगड तटाला लावणाऱ्या पाथरवटांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. गाजावाजा न करता कामाला हात लावणारे आपणही त्याच पंगतीतले.

दिवाळीनंतर पुरातत्त्व विभागाची परवानगी मिळताच दुसऱ्या टाक्याला हात घालू. त्या वेळी शिधा आम्ही आणणार आहोत. मामींनी भाकऱ्यांचे पैसे घेतले नाहीत ते घेतले नाहीत. निदान शिध्याला तरी आपण दोघांनी नाही म्हणू नये, ही विनंती.

आपले नम्र,
रविवारचे स्वयंसेवक