वाचायला सुरुवात कशी करू, विचारलंस म्हणून

१२ ऑगस्ट

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालास, "आई, वाचायचं खूप मनात आहे गं, पण होतच नाही." बाबांचा टीव्ही चालू होता, तुझ्या खोलीवर मित्र आले होते, धड बोलणं झालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. आज ग्रंथपाल दिन. सकाळी वाचनालयात भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घातला, कार्यकारी मंडळातल्या दोघांची भाषणं झाली. आता पुस्तकांची देवघेव सुरू व्हायला तासभर आहे, तेवढ्यात काउंटरवर बसूनच लिहिते आहे.

महिन्याला दोन पुस्तकं संपवायची असं ठरवलंस, मोबाइलवर यादी केलीस, आणि तिसऱ्या पुस्तकात अडकलास. यादी तू पाठवली होतीस, मी पाहिली. पहाटे उठायचं कसं, पैसे गुंतवायचे कसे, वेळ वाचवायचा कसा. ज्याला त्यातलं काही शिकायचं आहे त्याने ती जरूर वाचावीत. पण तू मला विचारलंस ते आवडीने वाचण्याबद्दल. दिवसभर ऑफिसात टार्गेट, आणि रात्री उशाशी पुन्हा टार्गेटच. त्यात मन रमेल कसं? पहिली गोष्ट म्हणजे तो आकडा पुसून टाक. किती झाली हे कुणालाही सांगायचं नाहीये, मलासुद्धा नाही.

लहानपणी तू कधी मोजलं नाहीस. 'किशोर'चा अंक आला की शाळेचे बूट न काढता इथल्या बाकावर बसायचास. बालभारती तो अंक १९७१ पासून काढते आहे, त्यामुळे जुने गठ्ठेही आपल्याकडे होते, तेही तू उपसून काढलेस. कोडी आधी, मग चित्रं, मग गोष्ट. एखादा लेख कंटाळवाणा वाटला की सरळ पान उलटायचास. दहावीनंतर क्लास, सीईटी, कॉलेज, आणि वाचणं म्हणजे अभ्यास असं होऊन बसलं. आवड गेली असं मला वाटत नाही. तुझ्या आवडीचं पुस्तक मधल्या वर्षांत तुझ्यासमोर कुणी ठेवलंच नाही.

सकाळच्या भाषणांत रंगनाथनांची पंचसूत्री, म्हणजे ग्रंथालय कसं चालावं याची पाच सूत्रं, आली, दरवर्षी येते. ती त्यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. त्यातलं दुसरं सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, याच्या जोरावर मी हे काम करते. तुला गणित आवडतं म्हणून सांगते, रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला त्या रिकाम्या दालनात त्यांना इतका कंटाळा आला की परत कॉलेजात शिकवायला जायला निघाले होते. मग इंग्लंडला शिकायला गेले. तिथली ग्रंथालयं पाहिली, तिथे सगळ्या थरांतली माणसं येऊन वाचतात हे पाहिलं, आणि परत आले ते आयुष्यभरासाठी ग्रंथालयाचे होऊनच.

प्रत्येकाचं पुस्तक वेगळं असतं हे मी इथे रोज बघते. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका सकाळी फक्त पेपर वाचायला यायचे. पुस्तकांच्या कपाटांकडे फिरकतही नसत. "बाई, आपलं शिक्षण बेताचं, जाड पुस्तकं आपली नव्हेत," म्हणायचे. एकदा मी त्यांच्यापुढे एक प्रवासवर्णन ठेवलं, त्यात कोकणातले घाटरस्ते होते. दुसऱ्या दिवशी तावातावाने आले. "हा लेखक म्हणतो घाट उतरताना डावीकडे दरी लागते. मी त्या घाटात गाडी घातलीय, दरी उजवीकडे आहे!" काउंटरवर बोटाने वळणं काढून दाखवली मला, कुठे गिअर बदलायचा तेसुद्धा. पुस्तक मात्र पुरतं वाचलं होतं. त्यानंतर त्यांनी प्रवासवर्णनांचं अख्खं कपाट संपवलं, आणि आता नर्मदा परिक्रमेवरचं नवीन काही आलं की मी आधी त्यांच्यासाठी बाजूला ठेवते. त्यांना कुणी वाचनाचे फायदे सांगत बसलं असतं, तर ते अजून पेपरच वाचत बसले असते.

तुझ्यासाठी मी 'बनगरवाडी' काढून ठेवली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, १९५५ची. लहानशी आहे, एक-दोन सुट्टीच्या दिवसांत होईल. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढंच. पण तुझे आजोबा आटपाडीकडचे. मेंढरं, दुष्काळ, वाकळ, तालीम, हे शब्द तू त्यांच्या तोंडून ऐकलेले आहेत. ते गेल्यापासून घरात तसं कुणी बोलत नाही. त्या पुस्तकातली माणसं बोलायला लागली की तुला आजोबांचा आवाज ऐकू येईल, माझी खात्री आहे. हेच पुस्तक तुझ्या मित्राला मी पहिलं म्हणून देणार नाही. तो सारखा क्रिकेटचं बोलतो, त्याला एखाद्या खेळाडूचं आत्मचरित्र देईन.

आणि नाही आवडलं तर सोड. हे मी मनापासून सांगते आहे. तीस-चाळीस पानं वाचून पुढे जावंसं वाटत नसेल तर पुस्तक मिटायचं आणि दुसरं घ्यायचं. तुम्हा मुलांना वाटतं अर्धवट टाकणं म्हणजे हार. शाळेने लावलेली ती सवय आहे, ताट स्वच्छ करायलाच हवं तशी. कित्येक जण नावाजलेल्या एकाच जाडजूड कादंबरीत अडकून पडतात, ती संपत नाही म्हणून दुसरी धरत नाहीत, आणि वर्षभर काहीच वाचून होत नाही. असे सभासद मी ओळखते, पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला येतात आणि चेहऱ्यावर कर्जाचा हप्ता चुकल्यासारखी ओशाळी छटा असते. मी ते पुस्तक हातातून काढून घेते आणि रहस्यकथा देते.

रहस्यकथा, शिकारकथा, विनोदी, भुताच्या गोष्टी, यांना हलकं म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. आपल्या सगळ्यांत दांडग्या वाचकांपैकी कितीतरी जण रहस्यकथांच्या पायऱ्या चढूनच वर आले आहेत. शिवाय तिथेच थांबले तरी बिघडलं काय? एखादं पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटलं तर पुन्हा वाच.

आता वेळ. झोपताना वाचायचं असं तू ठरवलंस, ती वेळ तुझी नाही. दहा तास स्क्रीनकडे पाहून आलेल्या डोळ्यांना रात्री अकराला बारीक टाइप दाखवलास तर झोपच येणार, त्यात पुस्तकाचा दोष नाही. हिंजवडीच्या बसमध्ये वाच असंही म्हणणार नाही, तुला गाडी लागते. बसमध्ये ऐक. मराठीत आता ऐकायची पुस्तकं पुष्कळ मिळतात, आणि ऐकणं हे वाचणं नव्हे असं मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडे पोथ्या ऐकूनच तर घराघरांत पोचल्या. छापील पुस्तक मात्र सकाळसाठी ठेव. चहा होईपर्यंतची वीस मिनिटं, किंवा मेसमध्ये डबा यायची वाट बघताना. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असू दे. खिशात असला की हात जातो, सगळ्यांचाच जातो. पुस्तक दिसेल असं उघड्यावर ठेव, बॅगेच्या तळाशी नको.

यापेक्षा महत्त्वाचं एक आहे. हातातलं संपायच्या आधी पुढचं घरात आलेलं असलं पाहिजे. वाचणारा माणूस सुटतो तो दोन पुस्तकांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत. एक आवडलं, संपलं, दुसरं शोधू म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मोबाइलने ती जागा घेतली. म्हणून वाचनालय लागतं. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात वर्षानुवर्षं वाट बघतं, वाचनालयाचं परत करायचं असतं. परत करायला गेलास की रिकाम्या हाताने येत नाहीस. पुण्यात तर तुला काही कमी नाही. नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, १९११ पासूनचं. लक्ष्मी रस्त्यावर पुणे नगर वाचन मंदिर आहे, ते तर १८४८चं. कोथरूडहून शनिवारी सहज जाण्यासारखं. अनामत आणि वर्गणी किती ते तिथेच विचार. जाऊन नाव नोंदव, आणि पहिल्या दिवशी यादी घेऊन जाऊ नकोस. कपाटांमधून नुसता फीर. पुस्तक काढ, मधलंच एखादं पान वाच, ठेव, दुसरं काढ.

एक बघायला शीक. पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली असते, जिथे अजून ती पद्धत आहे तिथे. ती वाच. काल माझ्या हातात एक आलं, कितीतरी वर्षं शिक्काच नव्हता, आणि मग या जून-जुलैत लागोपाठ पाच. कुणीतरी एकाने वाचलं, दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसरीला. अशी चिठ्ठी दिसली की पुस्तक उचल. आणि काउंटरवर जे कोणी असेल त्यांच्याशी बोल. "काहीतरी चांगलं द्या" म्हणू नकोस, त्यावर आम्हाला काही सुचत नाही. शेवटचं काय आवडलं होतं ते सांग, भले तो सिनेमा असो.

दिवाळीला येशीलच. दिवाळी अंक हे तुझ्यासारख्यांसाठी उत्तम. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस फराळाच्या ताटाशेजारी कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं असं हवं ते, हवं तिथून वाचत आला आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंक कुणी वाचत नाही, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. आपल्या वाचनालयाची अंक योजना यंदाही आहे, मागणी पुढच्या महिन्यात नोंदवायची आहे. विनोदी, ज्योतिष, साहित्य, पर्यटन, सगळे प्रकार मागवते. तुला त्यातले कुठले आधी हवेत ते कळव. सुट्टी चार दिवसांची आणि अंकाला सभासदांची रांग मोठी, तेव्हा तुझं नाव आत्ताच लिहून ठेवते.

शुक्रवारी शेजारचे काका पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर लसणाची चटणी, बाबांनी दिलेला चार्जर आणि 'बनगरवाडी' पाठवते आहे. पुस्तक माझ्या नावावर काढलं आहे, मुदतीची काळजी करू नकोस. सुरुवात केलीस की फोन कर. नाही रुचलं तर तेही सांग, काकांच्या परतीच्या गाडीने ते घेते आणि दुसरं देते.

देवघेवीची वेळ झाली, ड्रायव्हर काका दारात उभेच आहेत.

तुझी,
आई