फोन द्यायच्या आधी

प्रिय मंजू,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हे पत्र. अथर्वला स्वतःचा फोन द्यावा का आणि पालकसभेत तू काय बोलावंस, असं तू विचारलंयस. माझ्या लेखी दोन्हींचं उत्तर एकच : मूल अडकलं तर बिनधास्त कुणाकडे जाणार, हे आधी पक्कं कर. नजर ठेवणारं ॲप, पासवर्ड, वेळेची बंधनं हे सगळं नंतरचं.

मुलं माझ्याशी बोलतात तेव्हा एक वाक्य हमखास येतं, "घरी सांगितलं तर फोनच जाईल, मॅडम." फसवणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांचा सगळा धंदाच त्या भीतीवर चालतो.

सुरुवात किती साधी असते बघ. गेमच्या चॅटमध्ये कुणीतरी म्हणतं, "भारी खेळतोस रे!" काही दिवस नुसतं कौतुक, मध्येच गेममधली एखादी भेट. मग "कितवीला आहेस?" मग "फोन तुझाच, की आईचा?" हा प्रश्न सहज विचारल्यासारखा वाटतो, पण हे चॅट आणखी कोण वाचतंय याचा तो अंदाज असतो. त्यानंतर "इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये." तिथले मेसेज आपोआप पुसले जातात. आणि मग दोघांतलं एखादं गुपित. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" असं आपण कंठशोष करून सांगतो, पण एव्हाना मुलाच्या दृष्टीने तो अनोळखी राहिलेलाच नसतो. म्हणून अथर्वला माणूस नव्हे, मागणी ओळखायला शिकव : दुसरीकडे चल, कुणाला सांगू नकोस, फोटो पाठव. यातलं एक जरी आलं, तरी फोन आईच्या हातात. आणि तू त्याला आजच शब्द दे, की सांगितल्याबद्दल फोन काढून घेणार नाहीस. हा शब्द पाळणं तुला जड जाणार आहे, तुझा स्वभाव मला माहीत आहे!

मोठ्या मुलांच्या बाबतीत तर कधी कधी सगळं काही तासांतच उरकतं. मुलीच्या नावाचं खातं, गोड बोलणं, तिकडून एक नग्न फोटो, "आता तुझा पाठव". पाठवला की लगेच त्याच्याच मित्रांच्या यादीचा स्क्रीनशॉट आणि धमकी : पैसे दे, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. यात मुलगेही सापडतात, हे सभेत ठासून सांग. "आम्हाला मुलगा आहे" म्हणून निर्धास्त असणारे पालक बरेच असतात. पैसे दिले तर मागणी थांबत नाही, वाढतेच. पैसे द्यायचे नाहीत, घाबरून चॅट उडवायचं नाही, खात्याचं नाव आणि धमक्या जपून ठेवायच्या, आधी रिपोर्ट, मग ब्लॉक, आणि पोलीस.

फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या तसल्या फोटोंसाठीच ती आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक आकडी ठसा, म्हणजे तो फोटो ओळखता येईल असा क्रमांक, तयार होऊन तिकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो काढून टाकतात. मात्र फोटो कापला किंवा बदलला की ठसाही बदलतो, आणि कूटबद्ध खासगी चॅटमध्ये, जिथलं कंपनीलाही वाचता येत नाही, याचा उपयोग नाही.

शाळेबद्दल एकच गोष्ट जरा कडक शब्दांत बोल. एखाद्या मुलाच्या फोनमध्ये असा फोटो सापडला की शिक्षक 'पुरावा' म्हणून तो मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करतात, तिथून आणखी चौघांकडे. हे अजिबात नको. बऱ्याच देशांत मुलांचे असे फोटो नुसते जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. फोन बंद करून बाजूला ठेवायचा, काय दिसलं ते कागदावर लिहायचं आणि पोलिसांकडे सोपवायचा. अशा वेळी कुणाकडे जायचं त्या शिक्षकाचं नाव मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत हवं.

आणि तो १३ वर्षांचा मुद्दा. "१३ पूर्ण झाली, आता खातं चालेल ना?" असं सभेत कुणीतरी विचारणारच. हा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातला. त्याहून लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, एवढंच तो सांगतो. समज केव्हा येते याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियावरच्या खात्याची वयोमर्यादा १६ वर नेली. मला विचारशील तर आकड्यापेक्षा खोटी जन्मतारीख टाकून उघडलेलं खातं जास्त त्रासाचं : पुढे काही घडलं की "मीच खोटं बोललो होतो" म्हणून मूल गप्प बसतं.

सभेला मुलांनाही बोलावणार आहात का? सातवीच्या पुढच्यांना तरी बसवा, त्यांना आपल्याहून जास्त माहीत असतं. काय ठरलं ते कळव.

तुझी,
शुभा

ता. क. फोन देशील तेव्हा कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून दे. नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश जातात.