नीचांक खरा, पण कधीपासूनचा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ध्रुवीय बर्फावरील आपल्या लेखात अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री बर्फाने २०२३ मध्ये ‘इतिहासातला नीचांक’ गाठल्याचे म्हटले आहे. त्या हिवाळ्यात बर्फ सुमारे १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरपर्यंतच पसरला आणि १९७९ पासूनच्या नोंदींत हिवाळी विस्तार इतका कमी कधीच नव्हता, हे खरेच. पण हा ‘इतिहास’ निंबस-७ या अमेरिकी उपग्रहावरील सूक्ष्मलहरी मापकापासून सुरू होतो. उपग्रह त्याआधीही होते.

निंबस-१ ने १९६४ मध्ये जेमतेम महिनाभर काम केले. त्याची छायाचित्रे कित्येक दशके रिळांवर पडून होती. अमेरिकेतील नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरच्या संशोधकांनी ती शोधून डिजिटल केली. काम किचकट, कारण ढगही पांढरे आणि बर्फही पांढरा. अनेक दिवसांची चित्रे एकमेकांवर बसवून बर्फाची कड ठरवावी लागली. सप्टेंबर १९६४ चा दक्षिणेकडील आकडा निघाला १ कोटी ९७ लाख, तीन लाख इकडेतिकडे. निंबस-२ च्या चित्रांवरून ऑगस्ट १९६६ चा आला १ कोटी ५९ लाख. म्हणजे २०२३ पेक्षाही कमी!

यावर ‘बघा, बर्फ असाच वरखाली होतो, तापमानवाढीचा बाऊ उगाच’ असे म्हणणारे लगेच पुढे येतील. त्यांनी जरा उत्तरेकडेही पाहावे. आर्क्टिकचा सप्टेंबर १९६४ चा आकडा सुमारे ६९ लाख आहे. १९७९ च्या सप्टेंबरची सरासरी ७० लाखांच्या आसपास, तर २०१२ ची ३६ लाखांच्या आसपास. जुन्या मोजणीतली चूक दुप्पट धरली तरी एवढी घट तिच्यात लपत नाही. दक्षिणेत मात्र १९६४ आणि १९६६ मधला फरकच ३८ लाखांचा आहे. तिथे एका वर्षावरून निष्कर्ष काढणे, कोणत्याही बाजूने, घाईचे ठरते.

शिवाय साठच्या दशकातली आणि आजची मोजणी एका जातीची नाही. आजचे मापक बर्फातून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपते. त्याला ढग आड येत नाहीत, सहा महिन्यांची रात्रही नाही. २५ किलोमीटरच्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ असेल तर ती चौकट बर्फाची, असा नियम. जुन्या कॅमेऱ्याला उजेड लागे आणि कड माणसाने ठरवायची. मधल्या काळात निंबस-५ ने अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रातले बर्फाविना राहिलेले प्रचंड भगदाड सलग तीन हिवाळे टिपले, पण त्याचे मापक एकाच वारंवारितेचे होते आणि नोंदींत महिनेच्या महिने गायब आहेत.

आधुनिक मालिकाही एकसंध नाही. १९८७ मध्ये नवे मापक आले तेव्हा जुन्याशी ताळा जुळवायला जेमतेम दीड महिना मिळाला. पुढे १९९१ च्या उपग्रहबदलातील जुळणीमुळे अंटार्क्टिकाच्या आकड्यांत एक कृत्रिम पायरी, म्हणजे प्रत्यक्षात नसलेली उडी, शिरली होती. २०१४ मध्ये ती संशोधकांनीच जगासमोर मांडली. माझ्या मते विश्वास ठेवण्याचे हे चांगले कारण आहे, अविश्वासाचे नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी आलेख छापताना साठच्या दशकातले आकडे गाळू नका आणि १९७९ नंतरच्या रेषेला जोडूही नका. ते सुटे ठिपके म्हणून, संभाव्य त्रुटीच्या मर्यादेसह दाखवावेत. आणि मथळ्यात ‘इतिहासातला’ऐवजी ‘१९७९ पासूनचा’ एवढे लिहायला जागा फारशी लागत नाही.

आपला,
एक वाचक