बाळू, फौजदार आणि गोठ्यातलं पिल्लू

पुणे,
13 जुलै 2025

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉल संपला असं समजून तुम्ही फोन तसाच देवळीत ठेवलात. मला पाच मिनिटं नुसते छताचे वासे दिसत होते आणि बाबांचा आवाज येत होता, "ठमे, उतर खाली. सोवळ्याचं आहे ते." त्याच्या जरा आधी बाबा मला बजावत होते की गोठ्यातल्या पिल्लाला नाव ठेवायचं नाही, लळा लावायचा नाही, आमची वयं झाली, मांजर पंधरा-सोळा वर्षं जगतं, मागे कोण बघणार. आई, तू गप्प होतीस म्हणून मीही काही बोलले नाही. पण बाबा, ठमी म्हणालात ना? मी ऐकलंय.

तेव्हापासून आपली सगळी मांजरं डोक्यात फिरतायत. मनी आठवते? "आमची मांजर शाकाहारी आहे हो," असं तुम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगायचात. दहीभात कालवून दिला की ती ताटली लख्ख करायची हे खरंच. पण हर्णैहून मासळी घेऊन येणारी बाई आंजर्ल्याच्या वाटेला लागली की मनी दोन घरं पलीकडे खळ्यात हजर, हे तुम्ही सोडून अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. परत आल्यावर तोंड पुसून ओटीवर अशी बसायची की नुकतीच रामरक्षा म्हणून उठलीय. इथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीतूनच मिळतो, आणि नाही मिळाला तर डोळे आणि हृदय दोन्हीवर बेततं. म्हणजे मनीला जगवलं ते पलीकडच्या काकूंच्या बांगड्याच्या डोक्यांनी. दहीभाताचं श्रेय आपण उगाच घेतलं. आणि आई, तू तिला गोडघाशी म्हणायचीस, चक्क्याच्या पुरचुंडीला तोंड लावायची म्हणून. मांजराला गोड चव कळतच नाही. तिचा जीव होता तो स्निग्धावर. शिंकं तुटून मांजराचं फावणं ही इतरांकडे म्हण असेल, आपल्याकडे ती महिन्याकाठची घटना होती.

मग बाळू. पांढऱ्या अंगावर काळे नि तांबडे ठिगळ, आणि बाबांचा निर्वाळा, "बोका आहे, छाती बघा कशी." पुढे बाळूने आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत चार पिल्लं घातली. सात घरं फिरवायची ती त्यांना, पण त्यातली चार आपल्याच घरात: ट्रंक, माळा, भाताची कणगी आणि बाबांची सातबाराच्या कागदांची पेटी. बाबा, तांबडा रंग देणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. एकाच अंगावर काळं नि तांबडं दोन्ही यायचं तर सहसा दोन एक्स लागतात, त्यामुळे तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच. नेमका जनुक कोणता, ते जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी यंदा छापलं, म्हणून तुम्हाला माफ. पण पिल्लं झाल्यावरही तुम्ही नाव बदललं नाहीत. "बाळू बाळंत झाला" हे वाक्य वाडीत अजून ऐकू येतं.

फौजदाराचं काय लिहू? तांबडा, फाटक्या कानाचा, रात्री गस्त घालून पहाटे चुलीजवळ लोळणारा. कुणाच्या मांडीवर बसला नाही, कुणाला मुद्दाम ओरखडलंही नाही. तो बाबांच्या मागे पोफळीत जायचा, पण चार पावलं अंतर राखून, जणू आपण याच वाटेने सहज निघालोय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आठ दिवस तुमचा फोन लागेना. इथे मी टीव्हीवर आडव्या झालेल्या माडांची चित्रं बघत बसलेले. नवव्या दिवशी बाबांचा आवाज आला आणि पहिलं वाक्य काय, तर "बोका सापडला." कौलं किती उडाली, पोफळी किती गेल्या, तुम्ही कसे आहात, हे सगळं मला एकेक करून विचारून घ्यावं लागलं. तेव्हा मी चिडले होते. आता नाही.

सखूबद्दल जास्त लिहिणार नाही. सखू आईची. बसायला एवढं घर, पण बसणार ती आईच्या दुखऱ्या गुडघ्यावरच, आणि आई शेकायची पिशवी बाजूला ठेवायची, "हीच बरी, गार होत नाही." शेवटी शेवटी न्हाणीघरातल्या बादलीवर वाकून ती सारखी पाणी प्यायची. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं जातात, त्याचंच लक्षण. आपल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर दिवाळीत आठवडाभर तिथेच होते.

माझे दोघे मजेत. भाऊराव खिडकीच्या जाळीला नाक लावून कबुतरांना शिव्या देतात. चकली फक्त लॅपटॉपवर बसते, तीही मीटिंग चालू असताना.

आता कामाचं. ठमीला गाईचं दूध बंद करा. मोठं होताना बऱ्याच मांजरांना ते पचेनासं होतं, पोट बिघडतं. ताप वाटला तरी आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, अर्ध्या गोळीनेही मांजर दगावतं. मासळी काकूंकडूनच चालू द्या, लपवायची गरज नाही. तिला जेवायला कोणत्या वाटीत देता ते विचारणार नव्हते, पण कॉलवर दिसलीच. कडेला टवका गेलेली, सखूची.

आणि मागे कोण बघणार, तर मी. घरात दोन आहेतच, तिसरी जड नाही. हे मी मनावर दगड ठेवून वगैरे लिहीत नाहीये, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारूनसुद्धा झालं.

दिवाळीत येताना पिंजरा घेऊन येते. तोवर ती पाच महिन्यांची होईल, दापोलीला नेऊन शस्त्रक्रिया करून घेऊ, नाहीतर बाबांची सातबाराची पेटी पुन्हा जायची. दवाखान्यात केसपेपरवर जनावराचं नाव लिहावं लागतं. ते तेवढं बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

तुमची,
बाबी