वर्षाला एक फिल्टर सांगून विकलेल्या एअर प्युरिफायरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: फिल्टरच्या खर्चाची खोटी माहिती देऊन मशीन विकल्याबद्दल

नमस्कार,

मी धरणगावहून लिहितोय, जिल्हा जळगाव. नोव्हेंबर २०२२ मध्ये जळगावच्या एका शोरूममधून तुमच्या कंपनीचा एअर प्युरिफायर घेतला, ११,४९९ रुपयांना. तीन वर्षं पूर्ण व्हायला अजून महिना बाकी आहे आणि आजपर्यंत मी त्यात ४ फिल्टर टाकलेत, २,८९९ चा एक, परत २,८९९ चा, मग ३,१९९ आणि या जानेवारीत ३,४५०. बेरीज केली तर १२,४४७ होतात. बिलं सोबत जोडलीत. म्हणजे मशीनपेक्षा जास्त पैसे फिल्टरवर गेले आणि आता सप्टेंबरमध्ये पाचव्यांदा लाल लाईट लागलाय, ॲपवर रेट बघितला तर ३,७९०.

मशीन घेतलं ते आईसाठी. तिला दमा आहे, वय ७१, रोज इन्हेलरचा पंप घ्यावा लागतो. आमच्या गावात जिनिंग आहेत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचे कारखाने, दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की मार्चपर्यंत हवेत बारीक रुई उडत असते, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, त्यात रस्त्याची धूळ, सकाळच्या शेकोट्या, शेतात जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर. थंडीत तुमच्याच मशीनच्या डिस्प्लेवर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक धुळीचा आकडा १४०-१५० दिसतो, आपल्या देशात २४ तासांची मर्यादा ६० आहे. दार लावून मशीन चालू केलं की तासाभरात तो ३० च्या खाली येतो आणि आई रात्री उठून न बसता झोपते. मशीन काम करतं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि म्हणूनच मी ते विकून मोकळा होऊ शकत नाही.

शोरूममध्ये तुमच्या कंपनीचाच माणूस उभा होता, तुमचा टी-शर्ट घातलेला. त्याला मी दोनदा विचारलं की याला नंतर खर्च काय. तो म्हणाला वर्षाला एक फिल्टर, बाकी काही नाही. खोक्यावर पण लिहिलंय की फिल्टर १२ महिन्यांपर्यंत चालतो. त्या हिशोबाने मी धरलं वर्षाला तीन हजार, ठीक आहे, आईच्या औषधात तेवढं जातंच.

पहिला लाल लाईट पाचव्या महिन्यात लागला. आई म्हणे, "हाऊ लाल दिवा काबरं लागना रे भाऊ?" मला वाटलं मशीन बिघडलं. तुमच्या हेल्पलाईनला फोन केला तेव्हा कळलं की फिल्टर संपलाय. मग मी मॅन्युअल पूर्ण वाचलं, अगदी शेवटच्या पानापर्यंत, आणि तिथे बारीक अक्षरात सापडलं की फिल्टरचं आयुष्य ३,००० तास. आता हिशोब करा. दिवसाला ८ तास चालवलं तर ३,००० तास म्हणजे ३७५ दिवस, तेच तुमचं एक वर्ष. पण दम्याच्या पेशंटच्या खोलीत ८ तास कोण चालवतं? आमचं २० तास चालतं, म्हणजे १५० दिवस, बरोबर पाच महिने. ही ८ तासांची गोष्ट ना त्या माणसाने सांगितली ना खोक्यावर लिहिली. आणि आमचं तर एप्रिल ते जून मशीन बंदच असतं, कारण खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर लावल्याशिवाय राहवत नाही, आणि कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावीच लागते मग प्युरिफायर चालवून उपयोग नाही. बाराही महिने चालवलं असतं तर आज सहावा-सातवा फिल्टर चालू असता.

दुसरी गोष्ट, आणि मला ही जास्त खटकते. तुमचा तो लाल लाईट फिल्टर किती खराब झालाय हे बघतच नाही, नुसते तास मोजतो. पंखा एकदम स्लोवर ठेवला तरी तास तेवढेच पळतात. आईची खोली १० बाय १२ ची, तिला स्लो स्पीड पुरतो म्हणून मी मुद्दाम स्लोवर ठेवून बघितलं की फिल्टर जास्त टिकेल, काही फरक नाही. एकदा लाईट लागला तेव्हा फिल्टर काढून उजेडात धरला, तो बहुतेक पावसाळ्यातच चाललेला, घड्या बऱ्याचशा पांढऱ्याच होत्या, तरी मशीन म्हणतं बदला. आणि त्याच्या उलट डिसेंबर-जानेवारीत पुढच्या जाळीवर रुईचा असा थर बसतो की नखाने कोपरा उचलला तर अख्खी पातळ चादर ओढून निघते, खाली करडी माती चिकटलेली. ती जाळी मी दर रविवारी धुतो, त्याचं मला काही नाही, पण आतल्या फिल्टरच्या घड्या तोपर्यंत काळ्या पडलेल्या असतात, हवा कमी येते हे हाताला कळतं आणि लाईट मात्र हिरवा. मग हा लाईट कोणाच्या सोयीसाठी आहे?

जळगावात तुमच्या मॉडेलला बसणारा दुसरा फिल्टर १,३०० ला मिळतो. मागच्या महिन्यात तो आणून लावला, मापात बरोबर बसला. पण तुमच्या फिल्टरवर चिप आहे, ती नसली की मशीन ओळखत नाही, पंखा सगळ्यात कमी स्पीडवर अडकतो आणि लाल लाईट जात नाही. त्या फिल्टरची क्वालिटी तुमच्याइतकी असेल असं मी म्हणत नाही, पण मशीन माझं आहे, पैसे मी मोजलेत, त्यात काय टाकायचं ते मला ठरवू द्या ना. चिप आहे हे पण विकताना कोणी सांगितलं नव्हतं.

मग परत हेल्पलाईनला फोन केला तर तिकडून सांगितलं की फिल्टर पाण्याने धुवून वाळवून लावा. मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलंय की हेपा फिल्टर, म्हणजे तोच आतला घड्यांचा, धुवू नये, ओला झाला की त्याचे तंतू खराब होतात आणि बारीक धूळ आरपार जाते. मी वाचलं होतं म्हणून धुतला नाही. ज्याने वाचलं नसेल त्याने धुवून आजारी माणसाच्या खोलीत लावला असता. कृपया तुमच्या माणसांना निदान एवढं तरी शिकवा.

लाईट बिलाबद्दल मी काही म्हणत नाही. मशीन ४५ वॅटचं आहे, फुल स्पीडने रोज २० तास धरलं तरी महिन्याला २७ युनिट, ते मशीनवर लिहिलेलं होतं, मी आधीच मोजलं होतं. जे लिहिलेलं असतं त्याची तक्रार माणूस करत नाही.

माझं कृषी केंद्र आहे. बॅटरीचा फवारणी पंप विकताना मी शेतकऱ्याला सांगतो की भाऊ, दोन-तीन सीझननंतर बॅटरी बदलावी लागेल आणि तिचे एवढे पैसे पडतील. काहीजण ते ऐकून पंप न घेता जातात. जाऊ देतो. पुढच्या वर्षी तोच माणूस माझ्या ओट्यावर येऊन मला शिव्या देणार नाही हे मला माहीत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाचवा फिल्टर मला पहिल्याच रेटने, २,८९९ ला द्या, किंवा चिपशिवाय मशीन पूर्ण स्पीडने चालेल असं करून द्या. खोक्यावर "१२ महिने" च्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात "रोज ८ तास चालवल्यास" असं छापा आणि फिल्टरची किंमत पण छापा. आणि या मॉडेलचे फिल्टर अजून किती वर्षं मिळणार ते मला लेखी कळवा, कारण ॲपवर दोन वेळा "स्टॉक नाही" दाखवत होतं आणि एकदा ११ दिवस आई बिना मशीनची राहिली, त्यात दोन रात्री तिला नेब्युलायझरला न्यावं लागलं.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आणि तिथेही झालं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते आणि ५ लाखांच्या आतल्या तक्रारीला फी पण लागत नाही. बिलं, मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो, खोक्याचा फोटो, सगळं जपून ठेवलंय.

जिनिंग सुरू व्हायला आलीत, फिल्टर पाठवायचा असेल तर त्याच्या आधी पाठवा. कुरिअरवाल्याला दुपारी २ नंतर यायला सांगा, सकाळी मी दुकानावर असतो आणि आईला दारापर्यंत यायला त्रास होतो.

आपला,
एक ग्राहक, धरणगाव