नाइट सूटचे दोन तुकडे करून जादा ड्यूटी आकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
आंतरराष्ट्रीय कुरियर सेवा, मुंबई

दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

विषय: न्यू जर्सीला पाठवलेल्या सुती नाइट सूटचे चुकीचे वर्गीकरण आणि जादा वसुलीचा परतावा

महोदय,

मी पुण्यात सुती नाइट सूट शिवून घेते आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना पाठवते. गेल्या महिन्यात तुमच्यामार्फत १२ जोड न्यू जर्सीला गेले. जोडाला ५० डॉलर, म्हणजे एकूण बिल ६०० डॉलरचे. ड्यूटी आमच्याकडून घ्यायची असे ठरले होते, त्याप्रमाणे तुमचे बिल आले आणि ते मी भरलेही. त्यासोबतचा अमेरिकन कस्टम्सचा तपशील मागून घेतला, तेव्हा खरा घोळ कळला.

माझ्या इन्व्हॉइसवर आणि तुम्हीच भरलेल्या सीएसबी-५ वर (कुरियरने निर्यात करताना भारतीय कस्टम्सला द्यायच्या बिलावर) मालाच्या वर्गीकरणाचा कस्टम्स कोड ६२०८.२१ आहे: बायकांचे सुती, होजिअरीचे नसलेले नाइट ड्रेस व पायजमे. अमेरिकेत यावर मूळ ड्यूटी ८.९ टक्के. तुमच्या तिथल्या क्लिअरन्सवाल्यांनी मात्र प्रत्येक जोड कागदोपत्री फोडला. वरचा भाग ६२०६ मध्ये, बायकांचा सुती शर्ट म्हणून १५.४ टक्क्यांनी, खालचा ६२०४ मध्ये, सुती पँट म्हणून १६.६ टक्क्यांनी. त्यासाठी वरच्याची किंमत २६ डॉलर आणि खालच्याची २४ डॉलर धरली. हे आकडे आले कुठून? माझ्या बिलावर जोडाचा एकच भाव आहे. सुटा वरचा भाग मी आजवर कोणाला विकलेला नाही.

हिशेब असा: ५३.४० डॉलरच्या जागी ९५.८६ डॉलर लागले. म्हणजे ४२.४६ डॉलर जास्त. तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने "मॅडम, ट्रम्पने टॅरिफ लावलंय ना" एवढे सांगून विषय संपवला. भारतीय मालावर ऑगस्ट २०२५ मध्ये लागलेले ते वाढीव ५० टक्के मला ठाऊक आहेत. ते या तिन्ही कोडवर तेवढेच लागले असते आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रारच नाही. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत असलेली ड्यूटीची सूट २९ ऑगस्टपासून गेली, तेव्हापासून कोड चुकला की थेट खिशाला चाट बसते. पूर्वी चुकत असेल तर कोणाला पत्ताही लागत नव्हता.

ईमेलवर तुमच्याकडून दुसरे उत्तर आले: सेटमधले कपडे आपापल्या शीर्षकाखाली (म्हणजे ६२०४, ६२०६ अशा चार आकडी कोडखाली) वेगळे दाखवायचे असतात, असा नियम आहे. नियम आहे, कस्टम्स वर्गीकरणातल्या कापड-कपड्यांच्या विभाग ११ ची टीप १४. पण तो वेगवेगळ्या शीर्षकांखाली येणाऱ्या कपड्यांसाठी. पायजम्याचा जोड हा ६२०८ मध्ये नावानिशी दिलेला एकच प्रकार आहे. तो आधी फोडायचा आणि मग फोडलेले तुकडे वेगवेगळ्या शीर्षकांत बसतात म्हणून नियम दाखवायचा, हे उलटे झाले.

आता हा कपडा झोपायचाच की बाहेर घालायचा, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत त्यावर मास्ट इंडस्ट्रीज या कंपनीच्या खटल्यातला १९८५ चा कोर्टाचा निकाल आहे. कपड्याची रचना, बनावट आणि वापर यांवरून ठरवायचे, असा त्याचा रोख. मग कपडाच बघा. एकाच थानातले पातळ कॅम्ब्रिक, वर-खाली तीच छपाई, कडेला तीच पायपिंग. कमरेला इलॅस्टिक आणि नाडी, पँटला ना चेन ना खिसा. लेबल एकच, वरच्याच्या गळ्यात. खालच्याला लेबल लावलेलेच नाही. घडी घालून दोन्ही एकाच पिशवीत. माझ्या वेबसाइटवर हे "नाइट सूट" याच विभागात आहेत, आणि तो स्क्रीनशॉट पार्सलच्या कागदांत होता. हा पोशाख घालून कोणी ऑफिसला निघाले तर मला फोटो पाठवा.

गंमत म्हणजे उजवी बटणपट्टी डावीवर येते म्हणून कपडा बायकांचा, हे तुमच्या माणसांनी बरोबर धरले आहे. कापड होजिअरीचे नाही, हेही. एवढे बारकाईने बघणाऱ्याला जोड दिसला नाही?

माझ्या मागण्या: लिक्विडेशनपासून (अमेरिकन कस्टम्स ड्यूटीचा हिशेब अंतिम करते त्या दिवसापासून) १८० दिवसांच्या आत तुमच्या अमेरिकेतल्या ब्रोकरने प्रोटेस्ट, म्हणजे त्या हिशेबावरची लेखी हरकत, दाखल करावा आणि त्याची प्रत मला द्यावी. तो कधी निकालात निघेल याची मी वाट बघणार नाही. चूक तुमची असल्याने ४२.४६ डॉलर आणि ड्यूटी भरण्यापोटी घेतलेला तुमचा आकार आत्ताच माझ्या खात्यात जमा करावा. शिवाय माझ्या मालाची नोंद तुमच्या सिस्टिममध्ये ६२०८.२१ अशी दुरुस्त झाल्याचे लेखी कळवावे. दिवाळीनंतरच्या ऑर्डरी तयार पडल्या आहेत आणि हे मिटेपर्यंत त्या तुमच्याकडे देणार नाही.

१५ दिवसांत उत्तर आले नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. "तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही" हे उत्तर तयार ठेवू नका. केवळ पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची मानलेली नाही, आणि तेच तत्त्व मी इथे मांडेन.

सोबत: इन्व्हॉइस, सीएसबी-५, अमेरिकन कस्टम्सचा तपशील, तुमचे बिल, कपड्याचे फोटो.

आपली,
एक नियमित ग्राहक, पुणे